कोरं इंजिन, खरं इंजिन

कोलोराडोच्या नॅरो गेज रेल्वेचं एखादं पितळी मॉडेल जुन्या मालात विकायला निघतं, तेव्हा विकणारा सगळ्यात आधी सांगतो ते त्या इंजिनाला काय काय झालेलं नाही याबद्दल. रंग दिलेला नाही, रुळावर फिरवलेलं नाही, मोटर बदललेली नाही, मूळ खोका आहे आणि खोक्यातला स्पंजसुद्धा जागच्या जागी आहे. नकारांची ही यादी जितकी लांब, तितकी किंमत वर. त्याच्याच शेजारी त्याच कारखान्यातून, त्याच खेपेत आलेलं दुसरं इंजिन असतं. त्याला कुणीतरी काळा रंग दिलेला, टेंडरवर नंबर घातलेला, मोटर आणि गिअर बदललेले, चाकांच्या कडांवरची झिलई उडून खालचं पितळ दिसायला लागलेलं. ते बऱ्याचदा स्वस्तात पडतं आणि चालतं मात्र झकास. आपल्या छोट्या रुळांसाठी इंजिन शोधणाऱ्याने यातलं कोणतं घ्यावं, हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा आणि हौसेचा. माझ्या मते तो तत्त्वज्ञानाचा आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या पंडितांनी तो मडक्यांच्या आणि वस्त्रांच्या निमित्ताने भरपूर घासून पाहिलेला आहे. वस्तूचं खरेपण तिला कुणी हात न लावण्यात असतं, की ती जे करते त्यात? मी दुसऱ्या पक्षाचा आहे. हा पक्ष दिसतो तितका सोपा नाही, म्हणून तो नीट मांडायला हवा.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. जनरल विल्यम पामर यांनी १८७० साली डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे काढली आणि डोंगरातून कमी खर्चात वाट काढता यावी म्हणून तीन फुटी गेज निवडला. हे ९१४ मिलिमीटरचं अंतर ‘एचओ’ या लोकप्रिय प्रमाणात, म्हणजे सत्त्याऐंशी पटीने लहान केलं, की साडेदहा मिलिमीटरचे रूळ होतात. इतक्या अरुंद रुळांवर बसणारी इंजिनं मोठ्या खेळणी कंपन्यांना फार काळ परवडली नाहीत. गिऱ्हाईक थोडं आणि काम नाजूक. ही पोकळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळाने भरली. अमेरिकेतले आयातदार नकाशे आणि फोटो जपानमधल्या छोट्या कारखान्यांकडे पाठवत. तिथले कारागीर पत्रा कापून, वाकवून, मेणाच्या साच्यातून ओतलेले बारीक भाग जोडून, हाताने डाख देऊन एकेक इंजिन उभं करत. पुढे जपानमधली मजुरी वाढली आणि हे काम कोरियात गेलं. खेपा लहान असत आणि एक संपली की पुन्हा ते इंजिन होईलच असा भरवसा नसे. म्हणून आजही या गेजमध्ये एखादं विशिष्ट इंजिन हवं असेल तर पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं वापरलेलं पितळ हाच रस्ता उरतो. आपल्याकडे पितळ म्हटलं की हात चिंचेकडे किंवा राखेकडे जातो. तो इथे आवरावा लागतो, कारण या इंजिनांवर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो आणि घासण्याने तो आधी जातो.

आता कोरेपणाचा दावा जवळून पाहू. कधीच न चालवलेलं इंजिन जसंच्या तसं राहिलेलं असतं, असं आपण धरून चालतो. ते तसं राहत नाही. मोटरचा दांडा आणि गिअरपेटी यांना जोडणारी रबराची नळी वर्षानुवर्षं पडून कडक होते, नाही तर चिकट होऊन घसरते. गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट होतं. प्लास्टिकचा गिअर धातूच्या आसावर घट्ट बसवलेला असेल तर न फिरताही त्याला चीर जाते, आणि मग इंजिन चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळतं. जुन्या उघड्या मोटरच्या चुंबकाची ताकद अनेकदा उतरलेली असते. गंमत म्हणजे ज्या स्पंजमुळे किंमत वाढते, तोच स्पंज कालांतराने चुरा होऊन चिकटतो आणि लॅकर खातो. म्हणजे खोक्यात ठेवलेल्या इंजिनातही बदल झालेले आहेत, फक्त ते कुणी केलेले नाहीत आणि म्हणून कुणी त्यांची जबाबदारीही घेतलेली नाही. चाळीस वर्षं काळाने केलेला बदल ‘मूळ स्थिती’ आणि एका दुपारी माणसाने केलेला बदल ‘छेडछाड’, या हिशोबात काहीतरी गफलत आहे. न बदललेली वस्तू बाजारात नाहीच. निवड असते ती बदल आणि बदल यांच्यातली.

यावर कोरेपणाचा पक्षधर म्हणेल की रंग दिलेलं इंजिन हे त्या कारागिराने बनवलेलं इंजिनच उरलेलं नाही. हा वाद आपल्याकडे हजारएक वर्षांहून जुना आहे आणि तो भट्टीत घातलेल्या कच्च्या घड्यावरून झाला. काळपट घडा भट्टीत जातो आणि लाल होऊन बाहेर येतो. तो तोच घडा का? वैशेषिक म्हणाले, नाही. अग्नीच्या माऱ्याने घडा पार परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा काळा रंग जाऊन लाल येतो, आणि ते पुन्हा जुळून नवा घडा तयार होतो. हे सगळं इतक्या झटपट घडतं की आपल्याला कळत नाही. या मताला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, घड्याला बारीक छिद्रं असतात, त्यांतून अग्नी आत शिरतो आणि अख्खा घडा जागेवरच, न मोडता, रंग बदलतो. आकार तोच, जागा तीच, भट्टीत त्याच्यावर रचलेलं मडकंही खाली कोसळत नाही. मग मोडला कधी आणि जुळला कधी? मला नैयायिकांची बाजू मजबूत वाटते, आणि तिची ताकद कुठे आहे तेही पाहण्यासारखं आहे. त्यांनी पुरावा काढला तो घड्याच्या वागण्यातून: तो वरचा भार पेलत राहतो. पितळी इंजिनाला रंग देऊन मंद आचेवर भाजतात, तेव्हा हीच परीक्षा लावता येते. डाखाचे सांधे सुटले का? साइड रॉड अडकायला लागले का? नसतील तर रंगाने इंजिन बदललं असं म्हणणाऱ्याने कुठे मोडलं ते दाखवायला हवं. वैशेषिकांचं ‘ते इतकं झटपट होतं की दिसत नाही’ हे उत्तर बाजारातल्या काही जाणकारांच्या तोंडी आजही शोभून दिसेल.

घड्याचं उदाहरण लहान वाटत असेल तर ज्या इंजिनांच्या या प्रतिकृती आहेत, त्यांचंच चरित्र बघावं. रिओ ग्रँडकडे १९०२ साली बाल्डविनने बांधलेली स्टँडर्ड गेजची इंजिनं होती. त्यातल्या दहांचे बॉयलर आणि टेंडर काढून कंपनीने डेन्व्हरच्या बर्नहॅम वर्कशॉपमध्ये १९२८ आणि १९३० साली नव्या चौकटीवर, नव्या चाकांवर चढवले, आणि तीन फुटी रुळांसाठी ‘के-३७’ नावाचा नवा वर्ग उभा केला. ४९० ते ४९९ हे त्यांचे नंबर. आता के-३७चं ‘मूळ’ काय? बॉयलर १९०२चा, चौकट १९२८ची, गेज बदललेला, चाकांची रचना बदललेली, नंबर बदललेला. यातलं ४९३ नंबरचं इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिल्यानंतर २०२० साली ड्युरँगो-सिल्व्हर्टन मार्गावर पुन्हा धावू लागलं, तेही कोळशाऐवजी तेलावर. या मार्गालगत २०१८ साली मोठा वणवा पेटला, कोळशाच्या इंजिनातून उडालेल्या ठिणग्यांवर ठपका आला, आणि कंपनीने आपली इंजिनं एकामागून एक तेलावर घ्यायला सुरुवात केली. फेरफार झालेल्या इंजिनांतली काही आजही चालतात. उलट १९२३च्या के-२८ वर्गातल्या दहांपैकी सात इंजिनं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने अलास्काच्या बाजूच्या व्हाइट पास मार्गावर नेली, आणि ती परत आली नाहीत, भंगारात गेली. के-३६ वर्गातलं ४८५ नंबरचं इंजिन १९५३ साली सालिडा इथे टर्नटेबलच्या खड्ड्यात पडलं आणि तेही मोडीत निघालं. म्हणजे ४८५ हा नंबर घेऊन गाडी ओढणारं या जगात आज काही असेल, तर ते बोटभर उंचीचं पितळच असणार. तेही खोक्यात ठेवायचं म्हटलं, तर मग ४८५ कुठेच नाही.

इथे मला सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींचा आधार घ्यावासा वाटतो. खरं अस्तित्व कशाला म्हणावं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं की जे काही कार्य घडवू शकतं ते खरं. ज्याच्याने काहीच घडत नाही, ते केवळ कल्पनेतलं. अर्थक्रिया हा त्यांचा शब्द. त्यांना यातून पुढे सगळं क्षणिक आहे असं सिद्ध करायचं होतं. त्या मुक्कामापर्यंत मी त्यांच्याबरोबर जात नाही, पण पहिला टप्पा मला मान्य आहे. इंजिनाचं इंजिनपण ओढण्यात आहे. मात्र यावर सगळ्यात जड आक्षेप इथेच येतो. जाणकार संग्राहक म्हणेल, मॉडेलचं कार्य ओढणं हे तुम्ही कुठून आणलंत? खऱ्या इंजिनाचं ते कार्य असेल. पितळी मॉडेलचं कार्य दिसणं हे आहे. काचेच्या कपाटात ते रोज आपलं काम चोख बजावतं, आणि तुम्ही रुळांवर घासून त्याच कामात खोट आणता.

या आक्षेपाचं उत्तर वस्तूच्या अंगावरच वाचायला मिळतं. असं एखादं जुनं इंजिन उलटं धरून पाहावं. एका बाजूच्या चालक चाकांची कडा आणि गाभा यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या पदार्थाचं कडं बसवलेलं दिसतं, दुसऱ्या बाजूला ते नसतं. टेंडरच्या चाकांत नेमकं उलट. म्हणजे एका रुळावरची वीज इंजिनाने घ्यायची, दुसऱ्यावरची टेंडरने, आणि दोघांना जोडणाऱ्या दांडीतून ती मोटरपर्यंत न्यायची. आसांच्या पेट्यांखाली स्प्रिंगा असतात, रूळ थोडा वरखाली असला तरी चाक टेकून राहावं म्हणून. डावी आणि उजवी क्रँकपिन एकमेकींशी बरोबर काटकोनात बसवलेली असते. ती केसभर चुकली तर साइड रॉड अडतात, आणि ते फक्त चालवतानाच कळतं. कपाटात ठेवायच्या वस्तूला यातल्या एकाचीही गरज नाही. कुणीतरी हे सगळं मेहनतीने केलं, कारण ही वस्तू रुळावर जाणार होती. कार्य काय ते आपण बाहेरून लादत नाही. ते कारागिराने आत घालून ठेवलेलं आहे. आता हेही खरं की कित्येक पितळी इंजिनं कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा चालायला सुमारच होती. मोटर विजेवर तुटून पडणारी, गिअर खडखडणारे, दिसायला मात्र देखणी. अशा इंजिनाला उत्तम शिल्प म्हणायला माझी ना नाही. फक्त त्याच्या शिल्पपणाची किंमत इंजिन म्हणून कुणी मागू नये.

संग्राहकाच्या मनात झीज ही हानी असते, आणि हे मत इतकं रुजलेलं आहे की त्याच्या विरुद्ध पुरावा द्यायला देवघरात जावं लागेल. मराठी घरातल्या देव्हाऱ्यात कुलदैवतांचे टाक असतात. पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक करून, पुसून, गंध लावून त्यांवरच्या मुद्रा गुळगुळीत होतात. खंडोबाचा घोडा कुठे संपतो आणि स्वार कुठे सुरू होतो हे परक्याला सांगता येत नाही. घरातलं कुणी त्याला खराब झालेला टाक म्हणत नाही. अगदीच ओळखेनासा झाला की सोनाराकडून नवा करून घेतात, काही घरांत जुनी चांदी त्यातच घालून, आणि देव बदलला असं कुणाला वाटत नाही. त्याच वेळी भंगलेली मूर्ती पूजेत ठेवायची नाही, हाही नियम तितकाच पक्का आहे. झीज आणि भंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं आपली पूजापद्धती मानते. झीज वापरातून येते आणि वापर चालू आहे याची ती खूण असते. भंगाने वापर थांबतो. जुनं इंजिन निवडताना हा भेद थेट उपयोगी पडतो. चाकांच्या कडांवरचा मुलामा गेला आणि पितळ उघडं पडलं, ही झीज. त्याने चाकं लवकर काळवंडतात, वीज जरा कुरकुरत घेतात, पण पुसलं की भागतं. गिअरला गेलेली चीर, वाकलेली चौकट, आसात सैल झालेलं चाक, हा भंग. पहिल्याला घाबरून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणारा ग्राहक चकचकीत खोक्यातलं मुकं इंजिन घरी नेतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मी अर्धा मान्य करतो. अस्पर्श इंजिन हा दस्तावेज असतो. कारागिराने डाख किती सफाईने दिला, कोणत्या जातीचे स्क्रू वापरले, लॅकरचा रंग कसा होता, हे सगळं त्यात जपलेलं असतं. कुणी मोटर बदलली, चौकट घासली, की तेवढं पान फाटलं. कामावर जोर देणारा माझा पक्ष या नुकसानीबद्दल काही बोलू शकत नाही, असं वाटेल. पण सगळे बदल सारखे नसतात. रंग चढवला तर तो रसायनाने उतरवता येतो, पितळ आणि डाख दोन्ही शाबूत राहतात. लॅकर गेलं ते गेलं. जुन्या मोटरच्या जागी, तिच्याच भोकांत नवी बंद डब्याची मोटर पट्टी लावून बसवली आणि जुनी कागदात गुंडाळून ठेवली, तर ते पान फाटलेलं नाही, घडी घालून ठेवलेलं आहे. मोटर बसेना म्हणून कुणी बॉयलरच्या आतलं धातूचं काम कापून काढलं, तर मात्र परतीची वाट बंद झाली. दस्तावेज जपण्याचा युक्तिवाद एवढंच सिद्ध करतो की परत न फिरवता येणारे बदल टाळावेत. बदलच नकोत, इतकं त्यातून निघत नाही.

शिवाय चांगली दुरुस्ती हीसुद्धा लिखाणच असते, आणि ते वाचता येतं. खालच्या बाजूचे स्क्रू बघावेत. त्यांच्या माथ्यावरच्या खाचा सरळ, कडा धारदार असतील, तर उघडणाऱ्याकडे बरोबर मापाचा पेचकस होता आणि घाई नव्हती. खाचा चेपून चमकत असतील, तर आत काय दिसणार याचा अंदाज आधीच बांधावा. नव्या डाखाची जागा गुळगुळीत आणि थोडक्यात आहे की गाठीगाठीने फुगलेली, हे भिंगातून कळतं. आजकाल इंजिनं डिजिटल यंत्रणेवर चालवायची असतात. त्यासाठी जुन्या मोटरची एक बाजू चौकटीशी जोडलेली असते ती सोडवावी लागते, आणि ती मोटर अडली की इतकी वीज ओढते की आतली छोटी चिप जळून जावी. आधीच्या मालकाने हे काम केलं असेल तर तारा कुठून नेल्या, टेंडरशी जोडणी सुटी करता येते का, हे पाहिल्यावर त्या माणसाच्या हाताची ओळख पटते. इतकं सारं वाचल्यावर मला एक गोष्ट पटते. कोऱ्या इंजिनात एकाच हाताची, कारागिराची, साक्ष असते. नीट दुरुस्त केलेल्यात दोघांची असते, आणि दुसरी पहिलीला खोडत नाही.

तिसरा आक्षेप तर्काचा आहे. मोटर बदलली तरी तेच, गिअर बदलले तरी तेच, रंग बदलला तरी तेच, मग सगळंच बदललं तरी तेच म्हणाल. न्याय-वैशेषिकांना ही घसरण चांगली ठाऊक होती, म्हणून त्यांनी कडक भूमिका घेतली. वस्त्रातला एक धागा निघाला तर जुनं वस्त्र गेलं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं, खंडित वस्त्र तयार झालं, असं ते म्हणत. भागांपुढे अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, इतकी नाजूक. घड्याच्या वादात ज्यांची बाजू घेतली, त्या नैयायिकांशीच इथे मला असहमत व्हावं लागतं, आणि त्याची मला लाज नाही. अमुक इतके भाग बदलले की वस्तू बदलली अशी रेघ आखायची काही गरज नाही. बर्नहॅमच्या मिस्त्रींनी दाखवलेला रस्ता जास्त शहाणपणाचा आहे. त्यांनी बॉयलर जुना वापरला, पण काम बदललं, रूळ बदलले, तेव्हा वर्ग नवा केला आणि नंबर नवे दिले. १९०२चीच इंजिनं आहेत असा आव आणला नाही. उलट त्याच रेल्वेच्या इंजिनांना नवे पाइप, नवी चाकं, नवं धुरांडं लागत राहिलं तेव्हा नंबर बदलला नाही, कारण काम तेच होतं. कार्य टिकलं तर नाव टिकावं, कार्य पालटलं तर नावही पालटावं. म्हणून रिओ ग्रँडच्या के-२७ वर्गाचं मोटर बदललेलं मॉडेल हे के-२७च. पण त्याची केबिन कापून, टेंडर आखूड करून कुणी स्वतःच्या कल्पनेतल्या लाकूडतोड्यांच्या रेल्वेचं इंजिन बनवलं असेल, तर ते वाईट झालं असं नाही, फक्त ते आता दुसरं इंजिन आहे आणि विकताना तसं सांगायला हवं. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या दोन फुटी रुळांवरची जुनी वाफेची इंजिनं ज्यांना छोट्या आकारात हवी असतात, त्यांनाही कधीकधी दुसऱ्याच देशाच्या इंजिनाचा सांगाडा घेऊन वर नवं अंग चढवावं लागतं. ते खरंच माथेरानचं इंजिन की नाही, याचं उत्तर त्याच्या खालच्या सांगाड्यात शोधण्यापेक्षा ते मालकाने कोणत्या नावाने आणि काय काय सांगून ठेवलंय यात शोधावं.

बाजाराचा आक्षेप मी फार वेळ घेऊन ऐकत नाही. कोऱ्या इंजिनाची किंमत पुढे चांगली येते, रंगवलेल्याची पडते, हे विधान किमतीबद्दल आहे. त्यातून इंजिनाबद्दल काही कळत नाही, आणि ज्याला इंजिन धंद्यासाठी घ्यायचंय त्याच्याशी माझा वादही नाही.

यापेक्षा गंभीर म्हणणं विरक्ताचं आहे. खेळण्याच्या इंजिनावरून अर्थक्रिया आणि पीलुपाक काढणं म्हणजे आसक्तीला शास्त्राचं उपरणं घालणं, असं तो म्हणेल. घेऊच नका काही, प्रश्न संपला. या आक्षेपाला जैन आचार्य उमास्वातींकडून उत्तर मिळतं. परिग्रह म्हणजे वस्तू जवळ असणं, असं त्यांनी म्हटलं नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा, ती गुंगी, म्हणजे परिग्रह, असं म्हटलं. ही व्याख्या आपल्या दोन इंजिनांना लावून पाहावी. ज्या इंजिनावर बोटाचा ठसा उमटेल म्हणून हात लावता येत नाही, उजेडाने लॅकर पिवळं पडेल म्हणून बाहेर काढता येत नाही, कुणी मागितलं तर दाखवायला जीव होत नाही, तिथे मूर्च्छा गडद असते. दुसरं इंजिन रुळावर असतं, वळणावर कधी घसरतं, पुन्हा चढवावं लागतं, शेजारचं पोर त्याचा वेग वाढवतं. त्याच्या मालकाला आसक्ती नसते असं मुळीच नाही. पण वापरामुळे ती सैल होत राहते, कारण रोज थोडं थोडं झिजताना बघावं लागतं आणि तरी सोडून द्यावं लागतं. विरक्ताला इतकं पटेल असं नाही. पण मग निदान त्याने कोऱ्या इंजिनाला अधिक शुद्ध मानू नये.

तेव्हा शोधणाऱ्याने रंगवलेलं, चाललेलं, नीट दुरुस्त केलेलं इंजिन निवडावं, असं माझं मत, आणि त्याच्याबरोबर काय बदललं याची चिठ्ठी मागावी. चिठ्ठी नसेल तर किमतीत घासाघीस करावी. चिठ्ठी असलेलं इंजिन थोडं महाग पडलं तरी घ्यावं. एक अपवाद राहतो. ज्या नमुन्याची फार थोडी इंजिनं झाली आणि त्यातलंही एकच अस्पर्श उरल्याचं खात्रीने माहीत आहे, ते संग्रहालयाला मिळेल असं पाहावं. तिथे त्याचं काम अभ्यासकाला दिसणं हे असेल, आणि ते काम ते खरोखर करेल. बाकी कोरं इंजिन परिस्थितीने हाती आलंच, तर त्याला खोक्यात परत ठेवण्याआधी खालचे चार स्क्रू सोडवून आतलं वाळलेलं ग्रीस काढावं, रबराची नळी नवी घालावी, विरघळत चाललेला स्पंज फेकून तिथे आम्ल नसलेला कागद भरावा, जुनी नळी पिशवीत घालून तारखेसकट खोक्यात टाकावी, आणि मग ते रुळावर ठेवून एकदा पुढे, एकदा मागे, दोन्हीकडे सावकाश चालवून बघावं.